नळ्याची यात्रा

‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ ही म्हण अजून मराठी माणसाच्या तोंडी आहे. पण हा नळा कोणता, असे फराळाच्या ताटाभोवती जमलेल्या तरुण मंडळींना विचारून पाहावे. कोणी पाण्याच्या नळाकडे बोट दाखवील, कोणी नळ-दमयंतीच्या नळापर्यंत जाईल. वडीलधाऱ्यांपैकी एखाद्यालाच आठवेल की, नळा म्हणजे बांबूच्या पेराचा एका तोंडाने बंद असलेला तुकडा. तो बैलगाडीखाली दोरीने टांगलेला असे, त्यात काळे वंगण भरलेले असे आणि वंगण काढायला एक काडी. गाडी पंढरपूरला निघाली की नळाही पंढरपूरला निघे, गाडी बाजाराला गेली की तोही बाजार करून येई. बिनखर्चाने, बिनकष्टाने दुसऱ्याच्या जिवावर यात्रा करणाऱ्या माणसाला म्हणूनच नळ्याची उपमा मिळाली.

म्हण करणाऱ्याने नळ्यावर अन्यायच केला आहे, असे मला नेहमी वाटते. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा होई हे खरे. पण नळा नसता तर गाड्याची यात्रा पहिल्या दोन-चार मुक्कामांतच आटोपली असती. हा नळा पुढे कोठे गेला, त्याचे काम आज कोण करते आणि ते काम बिघडले म्हणजे काय होते, याचा शोध घेत गेले की वाट थेट एखाद्या जुन्या पिकअप गाडीच्या पुढच्या चाकाखाली जाऊन पोचते.

ही वाट आपण आष्टीवरून धरू. आष्टी नावाची गावे महाराष्ट्रात बरीच आहेत. १८१८ साली बापू गोखले जेथे पडले ती सोलापूरकडची. १९४२ च्या लढ्यात जिचे नाव गाजले ती वर्धा जिल्ह्यातली. बीड जिल्ह्यातली तर तालुक्याचे ठाणेच आहे. आपली आष्टी या तिन्हींहून वेगळी, जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातली. १९४८ पर्यंत ती निजामाच्या राज्यात होती, १९८१ साली जालना जिल्हा निराळा झाला तोवर परभणी जिल्ह्यात होती. दक्षिणेला गोदावरीचे खोरे, उत्तरेला परतूरचे रेल्वे स्टेशन आणि मध्ये नजर पोचेल तेथवर काळी जमीन. या जमिनीवर कापूस आणि ज्वारी जोमाने येते, पण चाक मात्र जात नाही. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला अशी बिलगते की आऱ्या दिसेनाशा व्हाव्यात. उन्हाळ्यात तीच भेगाळते, आणि रस्त्यावर तिचे पीठ होऊन घोट्याएवढा फुफाटा साचतो. कर्णाच्या रथाचे चाक कुरुक्षेत्रावरच्या भूमीने गिळले, ती भूमी कशी असेल हे मराठवाड्यातल्या गाडीवानाला वेगळे सांगावे लागत नसे.

चाक फिरते ते आसावर. तुंब्याच्या भोकात आस शिरलेला, बाहेरून खीळ ठोकलेली, एवढीच जुनी यंत्ररचना. खीळ निसटली आणि दशरथाचा रथ कोसळू लागला, तेव्हा कैकेयीने तेथे आपला हात घातला, अशी कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. रामायण घडले ते त्या वरांमुळे, आणि वर मिळाले ते आसाच्या दुरुस्तीबद्दल. तेव्हा गाडीच्या या भागाला कमी लेखण्याचे कारण नाही. प्रत्यक्ष पुराव्याचे म्हणाल तर गोदावरीच्याच खोऱ्यात, प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ साली काही पितळेसारख्या रंगाच्या वस्तू सापडल्या. त्या ब्राँझच्या निघाल्या. त्यांत एक बैलजोडीचा रथ आहे, त्यावर उभा असलेला माणूस आहे. त्या रथाची चाके भरीव आहेत. जाणकार त्याचा काळ सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा सांगतात, त्याबद्दल त्यांच्यात वादही आहेत. आपल्यापुरते एवढे पुरे की, या प्रदेशात आस आणि चाक यांचा संसार फार जुना आहे.

लाकडावर लाकूड किंवा लोखंडावर लोखंड नुसते घासू दिले तर ते तापते, झिजते आणि त्याआधी रडते. वंगणावाचून चालणाऱ्या गाडीचे रडणे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना ते अर्ध्या कोसावरून ओळखता येई. म्हणून नळ्यात एरंडेल असे. एरंडेल दाट, चिवट; ऊन लागले म्हणून ते चटकन पातळ होत नाही आणि लोखंडाला धरून राहते. गाडीवान मुक्कामाला पोचला की खीळ काढी, चाक बाहेर सरकवी, आसाला काडीने वंगण चोपडी आणि चाक पुन्हा लोटून देई. तुंब्याची दोन्ही तोंडे उघडी. आत गेलेले वंगण चालता चालता बाहेर येई, येताना धूळ आणि लोखंडाची कीस बरोबर घेऊन येई, आणि तुंब्यावर काळ्या ओघळांची नक्षी उमटे. पोरांच्या कपड्यांना ती लागली की घरी मार बसे.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयाची आहे. बैलगाडीत वंगण गळणे हा दोष नव्हता. ती रीतच होती. नवे वंगण आत जाई, मळकट वंगण बाहेर पडे, म्हणूनच तो आस पिढ्यान् पिढ्या टिके. त्याची किंमत एवढीच की, नळा सतत बरोबर ठेवावा लागे आणि माणसाला रोज गुडघ्यावर बसावे लागे. बैलाच्या चालीला हा हिशेब परवडत होता.

एरंडेलाचे भाग्य पुढे फार मोठे निघाले, ते जाता जाता सांगून टाकतो. निजामाच्या राज्यात, विशेषतः तेलंगणाच्या बाजूला, एरंडाचे पीक मोठे असे. विलायतेतल्या वेकफील्ड कंपनीने १९०९ साली मोटारींसाठी तेल काढले, त्याचे नाव ‘कॅस्ट्रॉल’ ठेवले, ते एरंडाच्या इंग्रजी नावावरून. पहिल्या महायुद्धातील कित्येक विमानांची इंजिने एरंडेलावर चालली. म्हणजे आष्टीच्या गाडीखाली लोंबणाऱ्या नळ्यातला जिन्नस त्याच काळात युरोपच्या आकाशात भराऱ्या मारीत होता, आणि म्हणीत मात्र नळा फुकट्याचा फुकट्याच राहिला.

विसावे शतक उजाडता उजाडता मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी मीटरगेज रेल्वे गोदावरीच्या खोऱ्यातून धावू लागली. जालना, परतूर, सेलू ही तिच्यावरची स्टेशने. आगगाडीच्या वेगाला नळा आणि काडी पुरण्यासारखी नव्हती. म्हणून प्रत्येक आसाच्या टोकाशी एक लोखंडी पेटी बसवलेली असे. तिच्यात तेलाने चिंब केलेल्या सुताच्या किंवा लोकरीच्या गुंतवळीचा गोळा कोंबलेला, तो आसाला खालून चाटत राही. तेल आटले किंवा गुंतवळ बाजूला सरकली की पेटी तापे, धूर येई, कधी पेटही घेई. त्यामुळे स्टेशनात गाडी थांबली की हातात तेलाची झारी घेतलेला माणूस डब्याडब्यापाशी वाकताना दिसे. नळा येथे गाडीखालून पेटीत शिरला खरा, पण पेटीलाही मागच्या बाजूने फट होतीच, आणि तेथून तेल रुळांवर ठिबकत राही. 

खरी अडचण मोटारीने उभी केली. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ साली २७ गाड्या आणि १६६ नोकर घेऊन सरकारी बससेवा सुरू केली. देशातील या तऱ्हेच्या पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक. मोटारीच्या आसाला बैलगाडीच्या आसाप्रमाणे नुसते स्थिर पडून राहावयाचे नसते. तो स्वतः फिरतो, चाकाला फिरवतो, आणि मधल्या गोल पेटीतले दाते तेलात बुडलेले असावे लागतात. हे तेल आसाच्या नळीतून चाकाकडे वाहू लागले तर दोन अनर्थ होतात. मधली पेटी कोरडी पडून दाते खाल्ले जातात, हा पहिला. दुसरा त्याहून वाईट: चाकापाशीच ब्रेक असतो, आणि तेल लागलेला ब्रेक पकडत नाही. बैलगाडीत जे गळणे उपकारक होते, ते मोटारीत जिवावर बेतणारे ठरले. चाकांच्या हजारो वर्षांच्या इतिहासात हा एक मोठा उलटफेर आहे. फिरणाऱ्या दांड्याभोवती असे कडे बसवावयाचे की दांडा तर मोकळा फिरावा, आतले तेल बाहेर जाऊ नये आणि बाहेरचा चिखल आत येऊ नये! एका दारावर दोन पहारे.

प्रथम या पहाऱ्यावर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, कडी आली. मग आले चामडे. याची कथा मोठी गमतीची आहे. जर्मनीत वाइनहाइम या गावी फ्रॉइडेनबर्ग नावाच्या घराण्याचा कातडी कमावण्याचा जुना कारखाना होता. १९२९ च्या जागतिक मंदीत कातड्याचा उठाव बसला, तेव्हा उरलेल्या कातड्याचे काय करावे या विवंचनेतून त्यांनी मोटारींसाठी चामड्याची कडी करायला घेतली. वॉल्टर सिमर या ऑस्ट्रियन इंजिनियराने पुढच्या दोन-तीन वर्षांत त्या कड्याला पत्र्याचे घर दिले आणि चामड्याची कड दांड्यावर हलकेच दाबून धरील अशी बारीक स्प्रिंग दिली. ‘सिमररिंग’ या नावाने ते कडे जगभर गेले. आपल्याकडच्या गॅरेजांत त्याच कुळातल्या वस्तूला ‘ऑइल सील’ म्हणतात.

चामडे पाणी आणि तेल अडवू शकते, हे आमच्या विहिरींना शिकवावे लागत नव्हते. मोट कातड्याचीच असे; तिची सोंड कातड्याची, तिची शिवण तेल पाजून मऊ ठेवलेली. गावचे चर्मकार आणि ढोर बंधू ही विद्या जाणत होते. मराठवाड्यात पंपाचा चामड्याचा वायसर कापून देणारे हात तेच होते. किर्लोस्करांचा तेलइंजिनांचा कारखाना १९४६ साली निघाला आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत विहिरींवरची मोट हळूहळू थांबली. ज्या कसबाला वाइनहाइममध्ये मंदीने नवी वाट काढून दिली, त्याच कसबाला आपल्या गावांत मात्र इंजिनाने घरी बसवले. आपल्या कसबी माणसाला कोणी कारखान्याच्या दारापर्यंत नेले नाही, याचे वाईट वाटल्यावाचून राहत नाही.

चामडेही फार दिवस टिकले नाही. वेग वाढला, उष्णता वाढली, चामडे करपून कडक होऊ लागले. रबर वापरावे तर झाडाचे रबर खनिज तेलात फुगते आणि लिबलिबीत होते. गंमत अशी की एरंडेलाशी त्याचे बरे जमे, म्हणूनच आरंभीच्या ब्रेकच्या तेलांत एरंडेल असे. पण मोटारीच्या दात्यांना खनिज तेलच हवे. ही कोंडी फुटली ती १९३० नंतर, जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तेलाला न भिणारे कृत्रिम रबर, नायट्राइल, तयार केले तेव्हा. आज आष्टीच्या दुकानात टांगलेली काळी कडी बहुतेक याच रबराची असतात.

आता जीपकडे येऊ. १९४० च्या जुलैत अमेरिकन सैन्याने १३५ कारखान्यांना विचारले की, चारही चाकांना जोर असलेली हलकी गाडी ४९ दिवसांत कोण करून देतो? बँटम या लहानशा कंपनीने पहिला नमुना सप्टेंबरात हजर केला. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. या गाडीचे अवघड गणित पुढच्या आसात होते. पुढचे चाक वळले तर पाहिजेच, पण वळत असताना त्याला जोरही मिळाला पाहिजे. सामान्य क्रॉसचा सांधा वळणावर हिसके देतो. म्हणून आल्फ्रेड झेप्पा याने शोधलेला गोळ्यांचा सांधा किंवा त्याच्या जोडीची दुसरी बनावट वापरावी लागली. हा सांधा एका पोकळ लोखंडी गोळ्यात ग्रीसमध्ये बुडवून ठेवलेला असतो आणि चाकाचा खांदा त्या गोळ्यावर, उखळीतल्या वरवंट्यासारखा, डावी-उजवीकडे फिरतो. म्हणजे येथे पहारे दोन. आतल्या दारावर ऑइल सील: मधल्या पेटीतले पातळ तेल नळीतून गोळ्यात येऊ नये म्हणून. बाहेरच्या दारावर नमद्याचे कडे: गोळ्यावरचा चिखल पुसून काढायला आणि आतले ग्रीस राखायला. १९४० सालच्या यंत्रात ही लोकर अजून नोकरीवर होती, आणि जुन्या घडणीच्या गाड्यांत आजही आहे.

मुंबईत माझगावला १९४९ साली महिंद्रांनी जीपचे भाग जुळवायला आरंभ केला. २ ऑक्टोबर १९५२ ला समूह विकास योजना सुरू झाली आणि जीप खेड्यात आली ती विकास गटाची गाडी म्हणून. रस्ता नसलेल्या गावाला सरकार प्रथम दिसले ते बहुधा चिखलाने माखलेल्या जीपच्या रूपाने. बियाणे, लस, निवडणुकीच्या पेट्या, १९७२ च्या दुष्काळात कामांवरचे मस्टर, सारे या गाडीने वाहिले. पुढे तिचाच मागचा भाग लांबवून हौदा बांधला की तिचा पिकअप होई. १९६० नंतर महिंद्रांनी माल वाहण्यासाठी म्हणून तिच्या घराण्यातली वाहने बाजारात आणलीच. सरकारी खात्यांनी लिलावात काढलेल्या जीपगाड्या खाजगी हातांत गेल्या आणि त्यांचे हौदे झाले. चार चाकांचा जोर असलेल्या अशा जुन्या गाड्या काळ्या जमिनीच्या मुलखात सहजासहजी मोडीत निघत नाहीत. पाऊस पडल्यावर शेतातून कापूस किंवा मोसंबी बाहेर काढायची वेळ आली की नवी चकचकीत गाडी बांधावर उभी राहते आणि जुनी आत शिरते.

मात्र तिच्या पुढच्या चाकाच्या आतल्या अंगाला काळा ओघळ दिसू लागला की समजावे, नळ्याची जुनी खोड परतली आहे.

दिवाळीच्या आगेमागे, वेचणी ऐन भरात असताना, हा संवाद मराठवाड्यातल्या कुठल्याही गॅरेजात कानी पडण्यासारखा आहे:

“मिस्त्री, नवं सील टाकून दोन महिने झाले नाहीत, पुन्हा गळायलंय. माल बोगस हाय का काय?”

“सीलाला कशाला बोल लावता, मालक? गाडीला श्वासच घेता येईना झालाय. हे बघा तिचं नाक. चिखलानं पार लिंपलंय.”

हे नाक म्हणजे आसाच्या नळीवर बसवलेली बारीकशी श्वासनळी. गाडी चालली की तेल तापते, आतली हवा फुगते आणि या भोकावाटे बाहेर पडते. भोक बुजले तर फुगलेल्या हवेला एकच वाट उरते, ती सीलाच्या कडेखालून, आणि जाताना ती तेल घेऊन जाते. मग दहा सील बदलली तरी दहाही गळतात. म्हणून जाणता मिस्त्री पाना हातात घेण्याआधी तार घेऊन हे भोक मोकळे करतो. मग मधल्या पेटीचे बूच काढून तेल प्रमाणाबाहेर तर भरलेले नाही ना, हे पाहतो. मग ओघळाला बोट लावून नाकाशी नेतो. दात्यांच्या तेलाला गंधकाचा उग्र वास असतो, तो एकदा ओळखला की विसरत नाही. हा वास नसून पाण्यासारखे पातळ द्रव असेल तर ते ब्रेकचे तेल. मग सील राहू द्यावे आणि प्रथम ब्रेककडे धावावे. ग्रीसचा नुसता गोळा बाहेर आला असेल तर दोष चाकाच्या बेअरिंगच्या बाजूला शोधावा. निदान चुकले की गाडी उगाच उघडली जाते, आणि उगाच उघडलेली गाडी पहिल्यासारखी मिटत नाही.

निदान पक्के झाले की काम सरळ आहे, पण लांबलचक आहे. मागच्या चाकांना दगड लावावेत, पुढचा भाग उचलून भक्कम घोड्यांवर टेकवावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरणारा माणूस शूर नव्हे, बेफिकीर. चाक, ड्रम, हब ओळीने उतरतात. ब्रेकचे शू तेलाने भिजलेले असतील तर ते पेट्रोलने धुऊन परत बसवण्याचा मोह आवरावा. आत मुरलेले तेल पहिल्या उतारावर तापून वर येते. मग खांद्यामधून सांध्यासकट आस ओढून काढावा. खांदा ज्या दोन खुंट्यांवर फिरतो, त्यांच्याखाली पातळ पत्र्यांच्या चकत्या असतात. वरच्या वर आणि खालच्या खाली अशा वेगळ्या बांधून ठेवाव्यात, नाहीतर गाडीचे वळणे जड होते आणि दोष बिचाऱ्या सीलाला लागतो.

जुने सील आकड्याने ओढून निघते. ते हातात घेऊन पाहिले तर सारी कुंडली वाचता येते. कड दगडासारखी कडक झाली असेल तर म्हातारपण. एकाच बाजूला झिजली असेल तर आस डुगडुगतो आहे, आधाराचा बुश आधी बदलला पाहिजे. कड शाबूत असून स्प्रिंग निसटलेली असेल तर मागच्या वेळी बसवणाऱ्याने हातोडा वाकडा मारला होता. यानंतर आसावरच्या त्या जागी नख फिरवावे. आश्चर्य वाटेल, पण मऊ रबराने कठीण पोलादाला खाच पाडलेली असते. पाडते ते रबर नव्हे. रबरात रुतून बसलेली आपल्या रस्त्याची धूळ कानशीचे काम करते. नखाला खाच लागली तर नवे सील केसभर आत किंवा बाहेर बसवून त्याची कड अस्पर्श पोलादावर आणावी, तेवढी जागा नसेल तर पोलादी पातळ बाही चढवावी. हे न करता नवे सील ठोकणे म्हणजे दोन महिन्यांनी पुन्हा भेटण्याचे आमंत्रण.

बसवताना कडेचे तोंड, म्हणजे स्प्रिंगची बाजू, तेलाच्या दिशेला, मधल्या पेटीकडे. कडेला आधी तेल लावावे. कोरडे सील पहिल्याच फेऱ्यात जळते. ठोकावयाचे ते जुन्या बेअरिंगच्या कड्यावर किंवा सपाट लाकडाच्या ठोकळ्यावर, चहूकडून सारखे. नमद्याचे कडे दोन तुकड्यांत येते. तेही तेलात भिजवून घ्यावे. लोखंडी गोळ्यावर गंज चढून खड्डे पडलेले असतील तर ते पॉलिश कागदाने गुळगुळीत करावेत, एरवी ती लोकर आठवड्यात फाटते. काही ठिकाणी नमद्याऐवजी सुतळी, कापडाची वळकटी, किंवा चिकट लेपाची नळीच्या नळी रिकामी करून वेळ मारून नेतात. वेळ मारली जाते, पण चिखल आत राहतो, आणि महागाचा सांधा तो आतून खातो. सीलाची किंमत ती काय! खर्च उघडण्या-मिटण्याचा असतो, आणि वेचणीच्या दिवसांत गाडी उभी राहण्याचा.

जुळवाजुळव झाली की गोळ्यात ग्रीस, मधल्या पेटीत तेल. तेल भोकाच्या काठाशी येऊन ओघळू लागले की थांबावे. चार दिवस जास्त जावे म्हणून जास्त ओतणारा मालक आपल्याच सीलाचा वैरी. ब्रेक दाबून पाहावा, हबला हलवून पाहावे, आणि मग गाडी परतूरच्या रस्त्याने थोडी पळवून आणावी. परत आल्यावर हबला तळहात लावावा. कोमट असला तर ठीक, हात ठेववेना तर बेअरिंग फार आवळले गेले.

शेवटी सुकाणू एका बाजूला पूर्ण वळवून गोळा उघडा करतात आणि त्यावर बोट फिरवतात. नवख्या मालकाला वाटते, गोळा कोरडा ठणठणीत निघाला पाहिजे. तसे नसते. सील म्हणजे बूच नव्हे. त्याच्या कडेखाली तेलाचा अगदी पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर राहतो, त्याच थरावर ती कड तरंगते आणि फिरता फिरता तेल पुन्हा आत ढकलीत राहते. नमद्याचेही तसेच, पुसता पुसता तो गोळ्यावर थोडी ओल ठेवतोच. बोटाला पुसट डाग लागला तर लागू द्यावा. थेंब धरला नाही म्हणजे झाले. मिस्त्री ते बोट चिंधीला पुसतो, “घेऊन जा मालक, पण आठ दिवसांनी नाक साफ करा तिचं,” असे सांगतो आणि पुढच्या गाडीखाली शिरतो.